डुकराचा रुपया आणि मावशींचा पदर

चांदीचं जुनं नाणं समोर आलं की लोक आधी चमक बघतात, आम्ही आधी कड बघतो. आपल्याकडे रुपया गळ्यात घालायची पद्धत, माळेत ओवायला वर कडी लावलेली असते, मग पुढच्या पिढीतलं कोणीतरी ती काढून टाकतं, घासून सारखं करतं, पण सोनाराने दिलेला झाळणीचा डाग कडेच्या रेघांमध्ये कुठेतरी राहतोच. तो सापडला की समोरची बाजू कितीही देखणी असू दे, ग्रेडच्या, म्हणजे नाणं किती चांगलं राहिलंय याच्या आकड्याच्या पुढे "कडी काढलेला" असं लिहावं लागतं आणि भाव धाडकन खाली येतो. अशा वेळी गिऱ्हाइकाचा चेहरा बघवत नाही, पण लिहावं तर लागतंच ना.

मी नाण्यांचे लिलाव करणाऱ्यांकडे ग्रेडिंगचं काम करते. गेल्या वर्षी एक मावशी आणि त्यांचा मुलगा आले होते, स्टीलचा डबा घेऊन. डब्यात राणी छाप रुपये, १८६२चे, १८७७चे, एक १९०१चा, आणि सगळे असे पांढरेशुभ्र की ट्यूबलाइटखाली डोळे दिपावेत. मुलगा एकदम जोरात, "मॅडम बघा, एकदम मिंट कंडिशन आहेत, आई दर वर्षी स्वच्छ करते." तिथेच मला अंदाज आला. लक्ष्मीपूजनाला चिंच लावायची, वरून रांगोळीने घासायचं, हे पन्नास-साठ वर्षं चाललेलं. न घासलेल्या नाण्यावर दिवा तिरपा पडला आणि नाणं हळूहळू फिरवलं की उजेडाचा पट्टा चाकाच्या आऱ्यांसारखा गोल फिरतो, कारण टाकसाळीत डायच्या, म्हणजे ठशाच्या दाबाखाली धातू बाहेरच्या बाजूला सरकतो आणि त्याच्या अतिशय बारीक रेषा पृष्ठभागावर राहतात, त्या रेषा एकदा गेल्या की गेल्या, कुठल्याही पॉलिशने परत येत नाहीत. या रुपयांवर उजेड नुसता एका जागी उभा राहायचा आणि दहापट भिंगातून बघितलं तर राणीच्या गालावर सगळ्या दिशांनी ओरखडे. चांदीच्या भावापेक्षा थोडे वर जातील, एवढंच सांगितलं. मुलाचा आवाज बसला.

मग मावशी म्हणाल्या, "अजून एक आहे बघ पोरी, पण तो काळा पडलाय, दाखवायला लाज वाटते." पिशवीतून पंचांगाच्या जुन्या पानाची पुडी काढली, सोडली, आणि माझ्या हातात द्यायच्या आधी सवयीने रुपया पदराला पुसायला लागल्या. मी "मावशी थांबा थांबा!" असं काही ओरडले की बाहेर बसलेले आमचे सर उठून आत आले.

कडेला निळसर-जांभळा, आतल्या बाजूला सोनेरी, मध्ये करडा. कागदातल्या गंधकाने चांदी अशी रंगते, हळूहळू, वर्षानुवर्षं. मुकुट घातलेला जॉर्ज पाचवा, मागे साल १९११.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, राजाच्या झग्यावर जी साखळी आहे तिच्यात एक हत्ती कोरलाय. १९११च्या डायमध्ये त्याची सोंड आणि पाय इतके आखूड झाले की लोकांना ते डुक्कर वाटलं, मुसलमान समाजात तर फारच संताप झाला, शेवटी सरकारने रुपये परत घेऊन वितळवायला सुरुवात केली आणि १९१२पासून नीट सोंडेचा हत्ती आला. म्हणून १९११चा रुपया कमी मिळतो. पण झिजलेल्या कुठल्याही जॉर्जच्या रुपयावर हत्ती चपटा होऊन डुकरासारखाच दिसतो, त्यामुळे १९१८चा रुपया "डुक्करछाप" म्हणून आणणारेही येतात, आणि त्यांनी मोबाईलवर व्हिडिओ बघितलेला असतो, त्यामुळे आपलं ऐकत नाहीत. साल बघा हो, विषय संपला.

मी विचारलं हा एकटाच कसा काय घासला नाही. तर मावशी म्हणाल्या, "सासूबाई म्हणायच्या, डुकराचा रुपया लक्ष्मीसमोर चौरंगावर ठेवायचा नाही. म्हणून ट्रंकेतच पडून होता." वराह अवतार चालतो, हे नाही चालत, असो, त्यांच्या सासूबाईंचे मात्र उपकार. ज्या डुकरामुळे बाकीचे रुपये भट्टीत गेले त्याच डुकरामुळे हा चिंचेतून वाचला. मला तर अंगावर काटा आला खरंच.

आता काम. वजन ११.६४ ग्रॅम, म्हणजे १८० ग्रेनच्या रुपयाचं पूर्ण वजन ११.६६ धरलं तर अगदी बरोबर. नकली ओतीव असेल तर कडेला जोड किंवा पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढे बुडबुडे दिसतात, तसं काही नाही. कडेला कडीचा डागही नाही. मागे कमळाखाली ठिपका, म्हणजे मुंबई टाकसाळ.

भांडण लागलं ते ग्रेडवर, सत्तरपैकी किती द्यायचे यावर; साठ आणि वर म्हणजे अजिबात न वापरलेलं. मुकुटातले काही मोती सपाट होते, ते बघून कोणीही झीज म्हणेल. पण त्या सपाट जागेवरसुद्धा उजेड फिरत होता, म्हणजे तिथे डायचा दाबच नीट बसला नव्हता, झीज नव्हे. झीज असती तर चकाकी आधी तिथून गेली असती आणि रंग वेगळा पडला असता. सर म्हणाले, चाक अखंड फिरतंय, ६२ लिही. मी म्हटलं, सर भुवई बघा आणि हत्तीची पाठ बघा. दोन्हीकडे पुसटसा मॅट करडा डाग होता, बोटाने घासल्यासारखा. थोडे दिवस का होईना, हा रुपया कोणाच्या तरी खिशात फिरलाय. मी ५८वर अडून बसले. सर बराच वेळ दिवा तिरपा करत राहिले, मग म्हणाले, "पाठीवर आहे खरं." आणि बाहेर गेले.

पदराचा एक छोटा ओरखडा राजाच्या नाकासमोर मिळाला, ताजा, पांढरा. तो मी मावशींना दाखवला नाही.

बाहेरच्या ग्रेडिंग कंपनीकडे पाठवला, ५८च आला. फोनवर सांगितलं तर मावशी म्हणाल्या, "सत्तरपैकी अठ्ठावन्न? अगं मग फर्स्टक्लास की!" आता त्यांना काय सांगणार की ही ७०ची पट्टी शेल्डन नावाच्या माणसाने १९४९मध्ये अमेरिकेतल्या तांब्याच्या जुन्या सेंटसाठी बनवली होती, आणि तिच्यात ६०च्या खाली म्हणजे थोडं तरी वापरलेलं. सांगितलं तरी त्यांचा हिशेब तोच, ब्याऐंशी टक्के, पोराला दहावीला एवढे नव्हते.

मुलाला लिलावात टाकायचाय. लाख नाही, पण हजारांत चांगले येतील असं मी बोललेय त्याला. राण्यांचा डबा मावशी त्याच दिवशी परत घेऊन गेल्या, त्यांच्यावर बोलायचंच नाही म्हणाल्या. डुकराचं अजून ठरत नाहीये. परवा फोन आला होता, म्हणाल्या, "विकायचं म्हटलं की जीव होत नाही गं. डुक्कर असलं तरी घरचंच आहे."