पूल, घुमट आणि रबरी शिक्के

सौदी अरेबियाच्या दक्षिणेला तिहामा भागात एक तुटका पूल आहे. १९८२ मध्ये पूर येणार म्हणून दरीतली माणसं गाड्या, गुरंढोरं सगळं घेऊन त्या पुलावर जाऊन थांबली, कारण पूल काँक्रीटचा, म्हणजे पक्का, असा साधा हिशोब. पूर आला आणि पूलच गेला, माणसांसकट. नंतर रस्ता दुसरीकडून वळवला आणि उरलेला तुकडा तसाच पडून राहिला.

२००७ मध्ये अब्दुलनासर घारेम या कलाकारानं सोबतीला काही लोक घेतले आणि त्या तुकड्यावर स्प्रेपेंटनं एकच शब्द परत परत लिहिला, पार रस्ता भरून जाईपर्यंत : सिरात. म्हणजे मार्ग. रोजच्या नमाजात फातिहा, म्हणजे कुराणाचा पहिला अध्याय, म्हणतात ना, त्यात 'आम्हाला सरळ मार्ग दाखव' असं मागणं आहे, तो मार्ग म्हणजे हाच सिरात. आणि कयामतच्या, म्हणजे शेवटच्या निवाड्याच्या, दिवशी प्रत्येकाला नरकावरचा जो पूल ओलांडायचाय, केसाहून बारीक, तलवारीहून धारदार, त्यालाही सिरातच म्हणतात. आता हे डोक्यात ठेवून त्या कामाचा फोटो बघा. रस्ता सरळ चाललाय, सगळीकडे सिरात सिरात सिरात, आणि पुढे रस्ताच नाही!

मला हे काम भयंकर आवडतं, आणि खरं सांगायचं तर घारेमचं जे काम जगभर गाजलं त्यापेक्षा जास्तच. गाजलेलं काम म्हणजे 'मेसेज/मेसेंजर', २०१० चं. जेरुसलेममधल्या 'डोम ऑफ द रॉक' या मुसलमानांच्या पवित्र वास्तूच्या सोनेरी घुमटाची आठवण येईल असा लाकूड आणि तांब्याचा मोठा घुमट, पण तो नीट बसलेला नाही, एका बाजूनं उचलून त्याला टेकू दिलाय आणि खाली एक कबुतर. पाखरं पकडायला पोरं टोपली तिरकी करून खाली काडी लावतात ना, अगदी तसं. म्हणजे शांततेचं कबुतर आत गेलं की वरून धर्म धपकन खाली, किंवा मग घुमट त्याला आसरा देतोय, तुम्ही कसं बघताय त्यावर आहे. एप्रिल २०११ मध्ये दुबईत क्रिस्टीजच्या लिलावात हे ८,४२,५०० डॉलरला गेलं, आखाती देशांतल्या हयात कलाकाराला तोवर एवढी किंमत मिळाली नव्हती. आलेले पैसे त्यानं 'एज ऑफ अरेबिया'ला कलाशिक्षणासाठी देऊन टाकले. ही संस्था म्हणजे त्यानं, अहमद मातेर या सौदी कलाकारानं आणि स्टीफन स्टेपलटन या ब्रिटिश कलाकारानं मिळून उभी केलेली चळवळ, सुरुवात सौदीतल्या अब्हा शहरातल्या अल-मिफ्ताहा कलाग्रामातून. तर काम हुशार आहे यात वादच नाही, फक्त एकदा युक्ती कळली की संपल्यासारखं वाटतं. पुलाचं तसं होत नाही, कारण तिथे खरंच माणसं गेलीत.

२०१२ मध्ये त्यानं हीच युक्ती कॅपिटॉलच्या, म्हणजे अमेरिकेच्या संसदभवनाच्या, घुमटावर वापरली, टेकू म्हणून स्वातंत्र्यदेवीचा पुतळा आणि घुमटाच्या आतल्या बाजूला मशिदीतली नक्षी. म्हणजे बाबा नुसत्या धर्माच्याच मागे लागलाय असं नाही, कुठलाही घुमट दिसला की तो कशाच्या आधारावर उभाय ते वाकून बघायचं ही त्याची खोड. शिवाय सौदीत धार्मिक वातावरणामुळे माणसाकृती मूर्ती घडवणं अवघड, मग शिल्पकारानं घडवायचं काय? घुमट, पूल, रस्त्यावरचे काँक्रीटचे ठोकळे. आणि शिक्के.

शिक्के कुठून आले तर ऑफिसातून, कारण हा माणूस सौदी लष्करात लेफ्टनंट कर्नल होता! दिवसा कागदांवर शिक्के मारायचे आणि उरलेल्या वेळात कला. आपल्याकडे ज्यानं तहसील कचेरीत एक दाखला काढलाय त्याला शिक्क्याची ताकद वेगळी सांगायला नको. घारेम अरबी आणि इंग्रजी अक्षरांचे हजारो बारके रबरी शिक्के फळीवर एकाला एक लावून बसवतो आणि वर चित्र रंगवतो. लांबून चित्र, जवळ गेलं की उलटी अक्षरं, त्यात लपवलेली वाक्यं. एक तर अवाढव्य शिक्काच बनवलाय त्यानं, ज्यावर 'इन्शाल्लाह' आहे. देवावर सोडलेली गोष्ट आणि साहेबाच्या टेबलावर अडकलेली फाईल, दोन्ही एकाच शिक्क्यात.

त्याचा जन्म १९७३ चा, गाव खमीस मुशैत. ९/११ च्या अपहरणकर्त्यांपैकी दोघं शाळेत त्याच्याबरोबर होते. २०१७ मध्ये लॉस एंजेलिसच्या लॅक्मा म्युझियममध्ये त्याचं प्रदर्शन झालं त्याचं नाव 'पॉज', ते दोन टॉवर म्हणजे पॉजच्या बटणावरच्या दोन उभ्या रेघा. पाश्चात्य पेपरवाले लगेच बंडखोर वगैरे म्हणून मोकळे होतात, मला ते फारसं पटत नाही, कारण हा वर्षानुवर्षं लष्करी गणवेश घालून हे सगळं करत होता, फातिहातला शब्द त्यानं चेष्टेनं लिहिलेला नाही. त्याचं भांडण असलंच तर डोळे मिटून विसंबण्याशी आहे, मग ते काँक्रीटवर असो, शिक्क्यावर असो नाहीतर घुमटावर.

मी हे सगळं फोटो आणि व्हिडिओतच बघितलंय, आणि शिक्क्यांची कामं फोटोत निम्मीच कळतात. रियाधमध्ये त्याचा स्टुडिओ आहे, तिकडे नोकरीला असलेल्या मराठी मंडळींपैकी कोणी ही कामं जवळून बघितली असतील तर अक्षरं खरंच वाचता येतात का ते सांगा.