तुम्ही विचारलंत म्हणून: कुठली बाजू वर?

दादरला भाजी घेत होते. हातात मेथीची जुडी, आणि एका मुलाच्या आईने मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. वहीच्या पानाचा फोटो होता. एक लहान त्रिकोण, एक मोठा, आणि खाली एकच गुणोत्तर तीनदा खोडून चौथ्यांदा लिहिलेलं. "बाई, एवढंच सांगा, कुठली बाजू वर लिहायची? बाकी त्याला सगळं येतं."

शिकवण्या घ्यायला लागल्यापासून हा प्रश्न माझ्या मागे आहे. लोकलमध्ये विचारतात, हळदीकुंकवाला विचारतात, एकदा तर दवाखान्यात नंबरची वाट बघत असताना विचारला. दहावीच्या भूमितीचं पहिलंच प्रकरण समरूपता, म्हणजे आकार तोच, माप लहानमोठं, आणि बाजूंची गुणोत्तरं सारखी; त्यामुळे शाळा सुरू झाल्या की पावसाबरोबर हाही येतो. मी मेथी पिशवीत टाकत म्हटलं, "कुठलीही." त्या जरा दुखावल्याच. त्यांना वाटलं, बाई फुकट सांगायला नकोत म्हणून टाळतात. टाळत नव्हते हो. उत्तर खरंच तेच आहे, फक्त ते भाजीवाल्यासमोर उभ्या उभ्या पटवून देता येत नाही.

वर कोण आणि खाली कोण, याच्या आधी एक प्रश्न असतो: कोणाची जोडी कोणाशी? लग्नातली व्याहीभेट आठवा. मुलाच्या वडिलांना मुलीचे वडील भेटतात, मामाला मामा, काकाला काका. आता हेच अपूर्णांकात मांडा. वरच्या ओळीत सगळी मुलाकडची माणसं, खालच्या ओळीत मुलीकडची. हवं तर उलट करा, मुलीकडचे सगळे वर. काही बिघडत नाही, नववीत जिला व्यस्त क्रिया म्हणून शिकवतात तीच ही. बिघडतं कधी? पहिल्या अपूर्णांकात मुलाकडचे वर आणि दुसऱ्यात मुलीकडचे वर, असं झालं की. किंवा मामासमोर काका उभा केला की. लग्नात त्याने फार तर फोटोग्राफर वैतागतो. भूमितीत गुण जातात.

आणि मामा कोण, काका कोण, हे चेहरा बघून ठरवायचं नाही. कोन बघून ठरवायचं. समान कोनांसमोरच्या बाजू एकमेकींच्या जोडीदार, पुस्तकाच्या भाषेत संगत बाजू. एकदा कोन जुळले की त्रिकोणांची नावं त्याच क्रमाने लिहायची. 'त्रिकोण एबीसी समरूप त्रिकोण पीक्यूआर' असं लिहिलंत की तुम्ही कबूल केलंत: ए ची जोडी पी, बी ची क्यू, सी ची आर. मग पहिली दोन अक्षरं, शेवटची दोन, पहिलं आणि शेवटचं. एबी भागिले पीक्यू, बीसी भागिले क्यूआर, एसी भागिले पीआर. इथे मी मुलांना आकृतीवर चक्क हात ठेवायला लावते. आकृती दिसली की डोळा 'ही आडवी, तीही आडवी' असं जुळवायला लागतो आणि तिथेच फसतो.

(दोन त्रिकोण समरूप आहेत का, हे ठरवायच्या कसोट्यांची नावं कोको, बाकोबा आणि बाबाबा. कोन-कोन, बाजू-कोन-बाजू, तीनही बाजू. 'बाबाबा' म्हणताना दरवर्षी अख्खा वर्ग हसतो. आता मीही हसून घेते.)

काही मुलं एबी भागिले बीसी बरोबर पीक्यू भागिले क्यूआर असं लिहितात आणि घाबरतात, कारण मार्गदर्शकात तसं नसतं. अगदी बरोबर आहे ते. एकांतर क्रिया. एका घरातली दोन माणसं तुलनेला घेतली आणि दुसऱ्या घरातली त्याच नात्याची दोन. क्रम पाळला की झालं.

आता खरी मेख. निम्म्याहून जास्त खाडाखोड मी जिथे पाहते ती जागा वेगळीच असते. त्रिकोण एबीसी, त्यात बीसीला समांतर रेघ डीई. डी हा बिंदू एबीवर, ई हा एसीवर. प्रमाणाचं मूलभूत प्रमेय सांगतं की एडी भागिले डीबी बरोबर एई भागिले ईसी. हे मुलांना तोंडपाठ असतं. आणि त्याच झोकात ती पुढे लिहून टाकतात: बरोबर डीई भागिले बीसी. चूक! डीई ही लहान त्रिकोणाची बाजू, बीसी मोठ्याची. डीबी कुठल्याच त्रिकोणाची बाजू नाही, तो उरलेला तुकडा आहे. डीई आणि बीसी आले की एडीच्या खाली अख्खी एबीच हवी. तुकड्यासमोर तुकडा, अख्ख्यासमोर अख्खं.

हे फळ्यावर सांगून मी थकले, तेव्हा एका संध्याकाळी पोरांना चाळीच्या फाटकापाशी नेलं. तिथल्या दिव्याची उंची ६ मीटर, वायरमनकडून विचारून घेतलेली. दीड मीटर उंचीच्या एका मुलीला खांबापासून ९ मीटरवर उभं केलं. तिची सावली किती पडेल, आधी वहीत काढा. बहुतेकांनी लिहिलं: सावली भागिले ९ बरोबर दीड भागिले ६. उत्तर सव्वादोन मीटर. मग सावलीच्या टोकाला खडूने खूण केली, मध्येच एक स्कूटर टेपवरून गेली, पुन्हा टेप धरली. जवळजवळ ३ मीटर भरली. पोरं टेपवरच संशय घ्यायला लागली. टेप बरोबर होती. मोठा त्रिकोण खांबापासून सावलीच्या टोकापर्यंत आहे, म्हणजे त्याचा पाया ९ नाही, ९ अधिक सावली. सावलीला क्ष म्हणा: क्ष भागिले (क्ष + ९) बरोबर पाव. चार क्ष बरोबर क्ष अधिक ९. क्ष बरोबर ३.

हे गणित आपल्याकडे फार जुनं आहे. भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या लीलावतीत छायाव्यवहार नावाचं प्रकरण आहे, त्यात असाच दिवा आणि शंकू, म्हणजे सावली मोजायला उभी रोवलेली खुंटी, येतो. दिवा साडेतीन हात उंच, शंकू १२ अंगुळं, म्हणजे अर्धा हात, आणि दोघांमध्ये ३ हात जमीन. सावली काढायची त्यांची रीत मला आपल्या पद्धतीपेक्षा देखणी वाटते. ते दिव्याच्या उंचीतून शंकूची उंची आधी वजा करतात. शंकूच्या माथ्यावरून एक आडवी रेघ ओढल्यासारखं. वर उरतो ३ हात उंच आणि ३ हात पायाचा त्रिकोण, आणि शंकूचा त्याच्या सावलीशी होणारा त्रिकोण त्याला समरूप. अर्ध्या हाताच्या शंकूची सावली अर्धा हात, १२ अंगुळं. आमच्या दिव्यालाही लावून बघा: ६ वजा दीड, साडेचार. साडेचाराला ९, तर दीडला ३. क्ष दोन्हीकडे येतच नाही. तुकड्यांतूनच काम करायचं असेल तर तुकड्याला शोभेल असा त्रिकोण आधी शोधायचा, मग सरळ त्रैराशिक, म्हणजे तीन संख्यांवरून चौथी. भास्कराचार्यांनी त्रैराशिकाबद्दल म्हटलंय की हरीने जसं विश्व व्यापलंय तसं त्याने हे सगळं गणित व्यापलंय. माझ्या वर्गातल्या पोरांना हरी चालतो, त्रैराशिकाचंच वाकडं.

दुसरी अडचण काटकोन त्रिकोणात कर्णावर लंब टाकला की येते. एका आकृतीत तीन समरूप त्रिकोण, तिघांच्या बाजू एकमेकांत अडकलेल्या. इथे मी जुन्या लग्नपत्रिका वापरते. मुंबईत कुणाच्याही घरी त्यांचा गठ्ठा सापडतो. पत्रिका १५ बाय २० सेंटिमीटरची कापून घ्यायची, मग कर्णावर कापायची. दोन सारखे त्रिकोण झाले, बाजू १५, २०, २५. एक अख्खा ठेवायचा. दुसऱ्याच्या काटकोनातून कर्णावर लंब काढून तिथे कापायचा. लंब बरोबर १२ भरतो आणि कर्णाचे तुकडे होतात ९ आणि १६. आता हातात तीन त्रिकोण: ९-१२-१५, १२-१६-२० आणि १५-२०-२५. तिघंही ३-४-५ च्या घरातले. १२ दोन ठिकाणी आहे, एकात मधली बाजू म्हणून, दुसऱ्यात लहान म्हणून. ९ भागिले १२ बरोबर १२ भागिले १६, म्हणून १२ चा वर्ग ९ गुणिले १६. भूमितीमध्याचं प्रमेय ते हेच.

पण खरी गंमत तिन्ही एकावर एक रचताना होते. काटकोनावर काटकोन ठेवा, लहान बाजूवर लहान. बसत नाहीत! पोरं फिरवून फिरवून दमतात. मग कोणीतरी लहान तुकडा पालथा घालतं आणि तो चपखल बसतो. दोन्ही लहान तुकडे पालथे घालावे लागतात. अख्ख्या त्रिकोणावर छापील बाजू वर, वधूचं अर्धं नाव दिसतंय, आणि त्यावर हे दोघे कोरी पाठ वर करून. म्हणजे आकृतीत ते आरशातल्यासारखे उलटे होते. 'ही डावीकडची, तीही डावीकडची' म्हणून जोड्या लावणारं मूल इथे का चुकतं, ते हातात धरून दाखवता येतं. मूल ढ नसतं, तुकडा पालथा असतो.

पालक म्हणतात, मुलांना बाहेर नेऊन इमारतीची उंची मोजायला लावा, सावलीवरून. मीही एकदा नेलं. मे महिन्याच्या सुट्टीत, महिन्याच्या मध्यावर, दुपारी साडेबारानंतर, गच्चीवर, मीटरभर काठी घेऊन. सावलीच नाही. मुंबई १९ अंश उत्तर अक्षांशावर. १५ मेच्या आसपास सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि जुलैच्या शेवटी पुन्हा, तेव्हा ढग असतात म्हणून कळत नाही. काठीच्या बुडाशी चिमूटभर काळं. भाजलेल्या गच्चीवर सात पोरं माझ्याकडे बघतायत आणि मी शून्याने भागायला निघालेली. पुढे डिसेंबरात केलं तर सावली लांब पडली, पण समोरच्या चाळीच्या भिंतीवर चढली. गिरगावच्या गल्लीत सावलीला जमिनीवर पाय पसरायला जागा कुठे?

तेव्हापासून आरसा. जमिनीवर सपाट ठेवायचा, मागे सरकत जायचं, इमारतीचं टोक आरशात दिसलं की थांबायचं. आरशापासून इमारत १० मीटर, आरशापासून आपण २ मीटर, तर उंची आपल्या पाचपट. आपल्या म्हणजे कशाच्या? इथे सगळे स्वतःची उंची लिहितात. प्रकाशाचा किरण आरशावरून डोळ्यात येतो, टाळूवर नाही. डोळ्यापर्यंत १ मीटर ४० असेल तर इमारत ७ मीटर. टाळू धरली तर अर्धा मीटर इमारत फुकटात वाढते. पुन्हा तेच, जोडी चुकली.

दादरच्या त्या बाईंना मी व्याहीभेटीचं तेवढं फोनवर सांगितलं. दोन आठवड्यांनी त्यांनी चाचणीच्या पेपरचा फोटो पाठवला. मुलाने अपूर्णांकाच्या वरच्या ओळीसमोर 'मुलाकडचे' आणि खालच्या ओळीसमोर 'मुलीकडचे' असं लिहिलं होतं, शाळेतल्या शिक्षकांनी दोन्हीवर लाल रेघ ओढली होती. उत्तर बरोबर, तीनपैकी अडीच. खाली आईचा मेसेज: "बाई, लग्नामुळे अर्धा गुण गेला का?" मी फोटो मोठा करून पाहिला. त्याने उत्तरापुढे 'सेमी' लिहिलं नव्हतं.