मेलेले झाड, झोपलेले झाड

टोरांटोजवळच्या एका शहरात रस्त्याकडेच्या झाडांची तपासणी करणे हे माझे काम आहे. या कामात फेब्रुवारीअखेरचे दिवस सर्वांत उदास असतात. मीठ आणि धूळ मिसळून बर्फ काळा पडलेला असतो, ऊन क्वचितच दिसते आणि पानेच नसल्यामुळे मेलेले झाड व झोपलेले झाड लांबून सारखेच वाटते. "झाड वाळले आहे, तोडून टाका" अशा अर्जांत या दिवसांत झाडापेक्षा अर्जदाराचा वैतागच अधिक असतो, असे माझे मत आहे.

असाच एक अर्ज एका निवृत्त गृहस्थांचा आला. त्यांच्या दारासमोरच्या जुन्या शुगर मेपलची मोठी फांदी जानेवारीत बर्फाच्या भाराने मोडली होती. गल्लीतली ॲशची झाडे एकेक करून जाताना त्यांनी पाहिली होती, म्हणून आता मेपलचीही पाळी आली, असे ते धरून चालले होते. ॲशचे कारण वेगळे होते. कॅनडात २००२ मध्ये प्रथम आढळलेल्या एमराल्ड ॲश बोरर या भुंगेऱ्याच्या अळ्या सालीखाली नागमोडी पोखरत जातात आणि झाडाचा अन्नपुरवठाच तोडतात.

मी हाताशी आलेल्या डहाळीची साल चाकूने नखाएवढी खरवडली, तेव्हा खाली ओला, पोपटी पट्टा दिसला, म्हणजे डहाळी जिवंत होती. एका डहाळीवरून काय ठरते, असे त्यांनी विचारले, आणि ते रास्तच होते. मग मोडलेल्या फांदीच्या जखमेतून लोंबणारा बोटभर बर्फाचा सुळका मी त्यांना दाखवला. त्या दिवशी ऊन पडले होते आणि त्याच्या टोकाशी थेंब धरत होते. रात्री गोठण आणि दिवसा शून्याच्या वर तापमान असे सुरू झाले की मेपलच्या खोडात दाब तयार होतो, आणि गेल्या उन्हाळ्यात साठवलेल्या पिष्टाची साखर झालेला रस जखमेतून पाझरतो. सुळक्याचे टोक मोडून मी त्यांना चाखायला दिले. रसात साखर जेमतेम दोन टक्के असते, सुमारे ४० लिटर आटवावा तेव्हा एक लिटर सिरप होते, त्यामुळे गोडी जिभेवर शोधावीच लागते. त्यांना ती सापडली.

अर्ज नामंजूर करून, फांदीची नीट छाटणी व जूनमध्ये फेरतपासणी, असा शेरा मी लिहिला. कोपऱ्यावरच्या शेवटच्या ॲशचीही साल खरवडून पाहा, असा त्यांनी आग्रह धरला. तिथे कोरडे, तपकिरी लाकूड निघाले, आणि खोडावर तोडणीची खूण करावी लागली. त्या जागी नवे रोप मिळण्याचा अर्ज त्यांनी उभ्या उभ्याच मागून घेतला. त्यात पुन्हा मेपल लिहू नका, गल्लीत एकाच जातीची झाडे नकोत, एवढे मी सुचवले.