दुर्बीण मिळाली, गच्ची मिळेना

दहा हजारांच्या आत जुनी दुर्बीण मिळते का, असं आता ओळखीतले लोक मला विचारतात. मिळते. मुंबईत मिळत नाही ती गच्ची. आणि ताऱ्यावर लावून न बघता जुनी दुर्बीण घेणं म्हणजे किक न मारता जुनी स्कूटर घेणं.

शोधाबद्दल फार सांगत नाही. जुन्या वस्तूंच्या अ‍ॅपवर शोधलं की आधी खेळण्यांचा ढीग येतो. खोक्यावर ‘६७५ पट’ असलं काही छापलेलं असेल तर पुढे सरका. दुर्बिणीची ताकद आरशाच्या किंवा भिंगाच्या व्यासात असते. दर मिलिमीटरला फार तर दोन पट, म्हणजे ६० मिमीच्या भिंगाला १२०. त्याच्या वर नुसता धूसरपणा मोठा होतो. मला आरशाची, ११४ किंवा १३० मिमीची हवी होती. बोरिवलीत एक निघाली: ११४ मिमी, नाभीय अंतर (आरशापासून प्रतिमा जुळते तिथपर्यंतचं) ९०० मिमी, इक्वेटोरियल माउंट, म्हणजे ताऱ्यांच्या फिरण्याबरोबर दुर्बीण फिरवता येते असा स्टँडवरचा सांधा, सोबत २५ आणि १० मिमीचे आयपीस, म्हणजे डोळा लावायची भिंगं. नाभीय अंतराला आयपीसच्या आकड्याने भागलं की पट कळतात: ९०० भागिले २५ म्हणजे ३६ पट, भागिले १० म्हणजे ९० पट. नवशिक्याला भरपूर. काका नऊ हजार म्हणत होते.

काका सज्जन माणूस. मुलाला दहावीनंतर घेऊन दिली होती, मुलगा आता बंगळुरूला, दुर्बीण माळ्यावर. मुंबईच्या दमट हवेत माळा म्हणजे बुरशीचं माहेरघर, म्हणून पहिलं काम आरसा बघण्याचं. नळीच्या तोंडातून मोबाइलचा टॉर्च मारला की कुठलाही आरसा भयंकर दिसतो, घाबरू नका. धूळ चालते. काकांनी पुसायला सदऱ्याचं टोक पुढे केलं तेव्हा मात्र मी त्यांचा हात धरला. कोरड्या कापडाने पुसलं की त्याच धुळीचे चरे आरशाच्या अ‍ॅल्युमिनियमच्या थरावर कायमचे उठतात. शोधायची ती बुरशी: बारीक, पांढुरक्या, फांद्या फुटलेल्या रेषा. आरसा स्वच्छ निघाला, २५ मिमीच्या आयपीसच्या कडेला थोडी होती. आयपीस बदलता येतो, फक्त त्याची नळी सव्वा इंची आहे ना ते बघा. काही जुन्या स्वस्त दुर्बिणींना इंचाहून किंचित लहान, जुन्या मापाची नळी असते, तिचे आयपीस आता सहज मिळत नाहीत.

इथपर्यंत सगळं अर्ध्या तासात. पण काकांचं घर दुसऱ्या मजल्यावर आणि खिडकीसमोर हाकेच्या अंतरावर पलीकडची विंग. इतक्या जवळच्या भिंतीवर असल्या दुर्बिणीचा फोकसच येत नाही. आभाळ म्हणाल तर दोन इमारतींच्या मधली फट. मी म्हटलं, “काका, गच्चीवर जाऊ या.”

काका म्हणाले, “गच्चीला कुलूप असतं. किल्ली सेक्रेटरींकडे.”

सेक्रेटरी खालीच भेटले. कशासाठी हवी किल्ली? दुर्बीण तपासायची आहे. “मग घरात तपासा ना.” साहेब, तारा बघायला लागतो. “मुंबईत तारे दिसतात कुठे?” मी शनी कुठे आहे ते हात करून दाखवायला लागलो, तर ते त्या दिशेला न बघता समोरच्या विंगकडे बघत होते. “तिकडच्या लोकांनी तक्रार केली, की आमच्या घरात दुर्बिणीतून बघतात, तर जबाबदार कोण?” मग वर पाण्याच्या टाक्या आहेत, सोलरचे पॅनल आहेत, मागे कुणीतरी वर बसून दारू प्यायलं होतं, बाहेरचा माणूस चालणार नाही. शेवटी, अर्ज द्या.

अर्ज काकांनीच द्यायचा, कारण सभासद ते. दिला. पुढच्या वेळी कळलं की साधा अर्ज चालत नाही, सोसायटीचा छापील फॉर्म आहे. फॉर्मवर गच्ची वापरण्याची कारणं छापलेली: हळद, साखरपुडा, वाढदिवस, पूजा, इतर. काकांनी साहजिकच ‘इतर’वर खूण केली. ‘इतर’ असेल तर विषय कमिटीच्या मीटिंगमध्ये जातो. मीटिंग महिन्यातून एकदा, आणि त्या महिन्याची होऊन गेलेली.

खरी चिडचिड इथे सुरू झाली. मधल्या काळात दुसरा एक गिऱ्हाईक काकांना रोज फोन करत होता, न बघता पैसे द्यायला तयार. काका मला म्हणायचे, “तुम्ही निदान टोकन तरी द्या.” मी दिलं नाही, आणि तुम्हीही देऊ नका. आरसा चरा न पडताही वाईट असू शकतो, ते फक्त ताऱ्यावर कळतं. कोजागरीला हीच गच्ची अख्ख्या सोसायटीला मसाला दूध प्यायला उघडी असते. एका माणसाने एक नळी वर नेऊन दहा मिनिटं बघायचं तर ठराव लागतो!

गच्ची अजिबातच मिळाली नाही तर एक उपाय आहे, तो मला फार उशिरा सुचला. लांबच्या उंच इमारतीवरचा किंवा मोबाइल टॉवरवरचा लाल दिवा रात्री ताऱ्यासारखा वापरता येतो. खिडकी मात्र सताड उघडी हवी, काचेतून बघून काही कळत नाही. काकांच्या खिडकीतून तेवढाही दिवा दिसत नव्हता, हा भाग वेगळा.

शेवटी तोडगा काढला सोसायटीच्या ऑफिसातल्या हिशेबनीस बाईंनी. त्यांनी फॉर्म बघितला, ‘इतर’वरची खूण खोडली आणि ‘पूजा’वर केली. पूजेला मीटिंग लागत नाही. पाचशे रुपये शुल्क, दोन हजार डिपॉझिट, रात्री दहापर्यंत गच्ची रिकामी करायची. पाचशेची पावती ‘गच्ची वापर – पूजा’ अशी आहे, मी तिचा फोटो काढून ठेवलाय. हे पाचशे किमतीतून वळते करायचे, असं पावती फाडतानाच काकांशी ठरवून घेतलं. तुम्हीही आधीच ठरवा, नंतर माणूस संकोचतो.

नोव्हेंबर २०२५ संपत आला होता. चंद्र शुद्ध अष्टमीच्या आसपासचा, म्हणजे तपासणीला उत्तम. प्रकाश आणि सावलीच्या सीमेवर विवरांच्या कडा धारदार दिसायला हव्यात. पौर्णिमेला सपाट पांढरी थाळी दिसते, त्यावरून काही ठरत नाही. किल्ली घेऊन वॉचमन आमच्यासोबत उभा. त्याला म्हटलं बघ, तर म्हणाला ड्युटीवर आहे.

पश्चिमेला श्रवण होता. त्याच्यावर १० मिमीचा आयपीस लावला आणि फोकस मुद्दाम बिघडवला. तारा पसरून गोल चकती होते, तिच्यात वर्तुळं दिसतात आणि मधोमध काळा ठिपका, तो आतल्या छोट्या आरशाच्या सावलीचा. ठिपका एका बाजूला सरकलेला होता. म्हणजे आरसे एका रेषेत नाहीत. याने सौदा मोडत नाही, मुख्य आरशामागे तीन स्क्रू असतात. काका स्क्रूपाशी, मी आयपीसपाशी. “उजवीकडचा जरा पिळा... नाही नाही, उलटा.” प्रत्येक वेळी तारा नजरेबाहेर जायचा, परत आणायचा. ठिपका मध्ये आला. फोकस आत घेऊन आणि बाहेर घेऊन, दोन्हीकडे चकती सारखीच दिसली. आरसा चांगला. इतकंच बघायचं होतं.

मग शनी. काकांचा चेहरा पडला, कारण त्यांनी जाहिरातीतच ‘शनीची कडी दिसतात’ असं लिहिलं होतं आणि दिसत होती ग्रहाच्या दोन बाजूंना सुईएवढी रेघ. त्यांना वाटलं दुर्बीण बिघडली. तसं नाही. मार्च २०२५ मध्ये पृथ्वी कड्यांच्या पातळीतून गेली, आणि नोव्हेंबरातही कडी आपल्याला जवळपास कडेनेच दिसत होती, म्हणून रेघेएवढी. दर चौदा-पंधरा वर्षांनी असं होतं. त्यानंतर कडी हळूहळू उघडत जातात. हे कारण सांगून किंमत पाडता आली असती, पाडली नाही. फाइंडरचे (नेम धरायच्या छोट्या दुर्बिणीचे) दोन स्क्रू नव्हते, फोकसरचं (फोकस पुढे-मागे करायच्या भागाचं) ग्रीस सुकून घट्ट झालं होतं, आयपीसवर बुरशी, या तिन्हींवर आणि पाचशेच्या पावतीवर सौदा साडेसात हजारांत ठरला. स्क्रू नंतर नागदेवी स्ट्रीटला मिळाले. जुना स्क्रू नमुन्याला घेऊन जा, नाहीतर दुकानदार उभं करत नाही.

माउंटबद्दल सांगायचं राहिलं. यावर अक्षांशाची पट्टी असते, ती १९ अंशांपर्यंत खाली येते का ते आधी बघा, मुंबई १९ वर आहे. बरेच स्वस्त माउंट युरोप-अमेरिकेच्या ४०-५० अंशांचा विचार करून बनवलेले असतात. इतकं खाली आणल्यावर तोल साधणाऱ्या वजनांची दांडी स्टँडच्या पायावर आपटते की नाही, तेही फिरवून बघा. ध्रुवतारा इथून क्षितिजावर १९ अंशच वर येतो, म्हणजे बहुतेकांच्या बाबतीत शेजारच्या बिल्डिंगमागे.

रात्री साडेदहानंतर बोरिवलीहून चर्चगेटकडे येणाऱ्या गाडीत जागा असते. नळी उभी, आरसा खाली, दोन गुडघ्यांत. वजनं वेगळ्या पिशवीत, नळीसोबत कधीच नाही. घरी माळा नाही. कपाटात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत.

काकांच्या डिपॉझिटमधले शंभर रुपये ‘सफाई’ म्हणून कापले. आम्ही वर नारळही फोडला नव्हता.

आणि खोक्यात आयपीसला लावायची ‘सन’ लिहिलेली छोटी काळी काच निघाली तर ती वापरू नका. दुर्बिणीने गोळा केलेली उष्णता थेट तिच्यावर पडते, ती तडकते, आणि त्या वेळी तुमचा डोळा तिथेच असतो. सूर्याचा फिल्टर नळीच्या पुढच्या तोंडावरच हवा. माझ्या खोक्यात ती काच होती. भंगारात गेली तर दुसऱ्या कुणाच्या तरी हाती लागेल, म्हणून आधी फडक्यात गुंडाळून वरवंट्याने फोडली.