साहेबाने दिलेली रायफल

रायफलीचे मालक वारल्यापासून ती आमच्या कुडाळच्या बंदुकांच्या दुकानात जमा होती. वारसाने परवाना नावावर झाला तसा त्यांचा मुलगा आईला घेऊन देवगडहून ती न्यायला आला. "काका, १९१४ची आहे. आजोबांना साहेबाने दिलेली. तपासून किंमत सांगा ना." कोकणातल्या जुन्या घरात एखादा साहेब निघतोच, म्हणून मी नुसता हसलो.

आमच्याकडे येतात त्या बहुतेक शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरच्या ठासणीच्या, नाहीतर बारा बोअरच्या. जर्मन माउझर, तीही ९.३ × ६२ काडतुसाची, म्हणजे लॉटरीच. आफ्रिकेत राहणाऱ्या जर्मन शेतकऱ्यांसाठी बर्लिनच्या ओटो बॉकने १९०५ साली काढलेलं हे काडतूस.

रायफलीवर कोरलेल्या कंपनीच्या नावावर भिंग धरलं. 'माउझर-वेर्के'. १९२२पर्यंत कंपनी 'वाफनफाब्रिक माउझर' असं नाव घालायची. साहेबाचं १९१४ साल तिथेच बाद झालं, पण मी तोंड उघडलं नाही.

दस्ता उतरवला. वरून कुणीतरी पॉलिश पेपर मारून नळी पुन्हा काळी केलेली. अक्षरांच्या कडा साबणाच्या वडीसारख्या झिजलेल्या. लाकडाखाली मात्र मूळचा रंग, आणि जर्मन चाचणीचे खणखणीत छाप: मुकुटाखाली बी, यू, जी, शेजारी मुकुटाखाली एन, म्हणजे बिनधुराच्या दारूची चाचणी झालेली. बाजूला बारीक आकडे, ३.२७. मार्च १९२७. मुकुटही जुळत होता. जर्मनीत त्याच्या जागी गरुड आला तो १९४०मध्ये.

दस्ता सागाचा निघाला. कारखान्यातला अक्रोडाचा असतो. संग्राहक इथे नाक मुरडून किंमत पाडणार. पण धक्का पेलणारा लोखंडी ठोकळा बसतो ती खाच बघितली, तर कागदही आत शिरेना. माझ्या मते त्या रायफलीवरचं सगळ्यात चांगलं काम त्या सुताराचंच.

नळीवरचा आणि रिसीव्हरचा, म्हणजे नळी बसते त्या सांगाड्याचा, नंबर एकच, परवान्यावरही तोच. बोल्टच्या मुठीपाशी मात्र भलताच! इथे किंमत राहू द्या, जिवाचा प्रश्न. परका बोल्ट काडतुसाला पाठीमागून घट्ट टेकला नाही, तर काडतूस फाटून गरम गॅस चेहऱ्यावर येतो. बोल्टमधली पिन काढली, 'नो-गो' गेज, म्हणजे ज्यावर बोल्ट बंद व्हायला नको असा मापाचा तुकडा, काडतूस बसतं त्या चेंबरमध्ये सरकवला आणि दोन बोटांनी मूठ हळूच खाली दाबली. अर्ध्यावर अडली. मी श्वास सोडला. बंद झाली असती, तर ती घरी जाऊच दिली नसती.

नळीत चेंबरच्या पुढे गोळीला फिरकी देणारे आटे गंजाने खाल्लेले. जुन्या काडतुसांच्या टोपीतल्या रसायनाचा क्षार नळीत राहतो आणि ओल धरतो. त्यात देवगडचा खारा वारा. तो क्षार तेलाने जात नाही, गरम पाण्याने धुवावा लागतो. ते कुणी केलं नव्हतं.

सगळं सांगितलं. मुलाचं तोंड पडलं. "मग साहेबाने दिलेली कुठली?"

इतका वेळ बाकावर गप्प बसलेली आई म्हणाली, "ती ठासणीची होती. ती कधीच पोलिसात जमा केल्यानी."