तुम्ही विचारलंत म्हणून: बी-२ जर्मनांचीच कॉपी का?

"सर, अमेरिकेचं रडार चुकवणारं बी-२ बॉम्बर म्हणजे जर्मनांच्या विमानाची कॉपी ना?" प्रत्येक टॉकनंतर कोणीतरी हे विचारतंच, म्हणून एकदाच लिहून टाकतो.

नाही. जर्मनीतल्या होर्टेन भावांचं हो-२२९ खरं होतं, बिनशेपटीचं, दोन जेट इंजिनांचं. पण बी-२ बनवणाऱ्या नॉर्थ्रोपचं बिनशेपटीचं एन-१एम १९४०लाच कॅलिफोर्नियात उडालं होतं. आणि गोंदात कोळशाची पूड घालून रडार चुकवायचं होतं, हे रायमार होर्टेन सांगायला लागला १९८०च्या दशकात. अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संग्रहालयाने उरलेल्या एकमेव विमानाचं प्लायवूड तपासलं, कोळशाचा पुरावा मिळाला नाही. हो-२२९चं दुसरं, इंजिनवालं विमान २ फेब्रुवारी १९४५ला पहिल्यांदा उडालं, १८ला एक इंजिन बंद पडून कोसळलं, पायलट एर्विन झिलर गेला. बस, एवढंच.

मग सगळं थापा का? तसं मी कधीच म्हटलेलं नाही. मागे वळलेल्या पंखांची कल्पना जर्मन शास्त्रज्ञ बुसेमानने १९३५ला रोमच्या परिषदेत मांडली, आणि १९४५ला जर्मनीतला डेटा हाती लागल्यावर अमेरिकनांनी आपल्या बी-४७ आणि एफ-८६ या जेट विमानांचे पंख बदलले. मेसरश्मिटचं 'मी-२६२' हे जर्मन जेट लढाऊ विमान तर लढाईत उतरलं. निकेल-क्रोमची टंचाई म्हणून त्याच्या युमो इंजिनाचे गरम भाग साध्या पोलादावर ॲल्युमिनियमचा लेप देऊन केले, इंजिन मोजून दहा-पंचवीस तास टिकायचं.

हे मी एका कॉलेजात खूप रंगवून सांगितलं होतं, "इतक्या टंचाईत करून दाखवलं बघा" असंही म्हणालो. पहिल्या बाकावरची एक मुलगी सगळं उतरवून घेत होती. पुढे ती शिकायला ऑस्ट्रियात गेली आणि एका रात्री तिचा फोटो आला, बोगद्याची ओली काँक्रीटची भिंत, त्यावर टेकवलेला तिचा हात. सांक्ट गेओर्गेन. याच बोगद्यांत मी-२६२ची धडं बनायची, नाझींच्या गुझेन छळछावणीतल्या कैद्यांकडून, आणि ते बोगदे खोदतानाच हजारो माणसं मेली. खाली एक ओळ: "सर, तुम्ही आम्हाला कंप्रेसर दाखवलात, हे का नाही दाखवलंत?"

मी लगेच टाइप केलं, माझा विषय इंजिनीअरिंगचा आहे, इतिहासाचा नाही. तिचं उत्तर आलं नाही, आजतागायत नाही. मला तेव्हा गुझेन माहीत नव्हतं का? माहीत होतं, पुस्तकात वाचलं होतं, ते पान उलटून पुढे गेलो होतो. वेळ चाळीस मिनिटांचा होता हे खरं, पण होर्टेनच्या कोळशाची कथा खोडायला त्यातली दहा मिनिटं मी काढलीच होती ना.

तरी ते इंजिन मला अजून आवडतं, खोटं कशाला बोलू. पुढच्या महिन्यात परत एक टॉक आहे. बोगद्याची स्लाइड केली आहे, ती कंप्रेसरच्या आधी लावायची की नंतर, तीन वेळा हलवून झाली.