लसूणघासातील मीठ-सहनशीलतेची जनुके तपासताना

लसूणघास हे परपरागीकरण होणारे पीक. त्यात प्रत्येक गुणसूत्राच्या चार प्रती. त्यामुळे एकाच वाणाच्या दोन बियांतून आलेली रोपेसुद्धा जनुकीयदृष्ट्या सारखी नसतात. मीठ दिलेल्या आणि न दिलेल्या रोपांतला फरक मिठाचा की मुळातल्या विविधतेचा, हे मग सांगता येत नाही. म्हणून एका झाडाच्या खोडाचे दोन-तीन पेऱ्यांचे छाट मुळावून त्यांचेच दोन्ही गट करावेत, आणि हेच आणखी काही झाडांवर करावे.

१०० मिलिमोलर द्रावणासाठी लिटरला ५.८४ ग्रॅम सोडियम क्लोराइड लागते. १५० मिलिमोलरपर्यंत जायचे तर रोज ५०ने चढवावे. एकदम ओतले की पाने काही मिनिटांतच मलूल होतात आणि आपण मोजतो तो निव्वळ पाण्याचा ताण. सोडियमचा स्वतःचा परिणाम वेगळा काढायचा असेल, तर तितक्याच परासरण दाबाचे मॅनिटॉल (सोडियम नसलेले, साखरेसारखे रसायन) दिलेला तिसरा गट हवाच. पोषक द्रावणात कॅल्शियमही पुरेसे ठेवावे, नाहीतर त्याची कमतरताच मिठाची लक्षणे म्हणून नोंदली जाते.

कॅल्शियम इथे फार मोलाचे आहे. मीठ लागताच पेशीत त्याची पातळी उसळते, एसओएस३ (एसओएस हा मीठ-प्रतिसादातल्या प्रथिनांचा गट) हे प्रथिन ती ओळखते आणि एसओएस२ला कामाला लावते. एसओएस२ हे किनेज, ते एसओएस१वर फॉस्फेट बसवते, मग एसओएस१ सोडियम पेशीबाहेर फेकते. आत राहिलेले सोडियम एनएचएक्स गटातली प्रथिने रिक्तिकेत, म्हणजे पेशीतल्या साठवणीच्या पिशवीत, कोंडतात. हा स्विच प्रथिनावर आहे, म्हणून एसओएस१चा आरएनए जराही न वाढता पंप जोरात चालू शकतो. उलट, नाजूक झाडात सोडियम जास्त शिरल्यामुळेच जनुक जास्त व्यक्त होताना दिसू शकते. आरएनएच्या नुसत्या वाढलेल्या आलेखावरून झाडाला सहनशील ठरवणे मला अजिबात पटत नाही.

क्यूपीसीआरमध्ये (जनुकाचा आरएनए किती बनला हे मोजणाऱ्या चाचणीत) प्रायमरच्या, म्हणजे प्रती काढायला सुरुवात करून देणाऱ्या डीएनएच्या छोट्या तुकड्याच्या, ३' टोकाखाली चार प्रतींपैकी एखादीत वेगळे अक्षर असले, तर ती प्रत मोजणीतून निसटते. म्हणून प्रायमर आपल्याच झाडाच्या क्रमाशी ताडून घ्यावा. प्रायमरची कार्यक्षमता (दर फेरीत प्रती दुप्पट होणे म्हणजे १०० टक्के) ९० ते ११० टक्के असावी आणि तुलनेसाठीची संदर्भ जनुके किमान दोन, तीही मिठात स्थिर राहतात हे तपासून घेतलेली. मुळे आणि पाने वेगवेगळी, दिवसाच्या एकाच वेळी घेऊन लगेच द्रव नायट्रोजनमध्ये टाकावीत. त्याच झाडांची थोडी पाने वाळवून फ्लेम फोटोमीटरवर (ज्योतीच्या प्रकाशावरून धातू मोजणाऱ्या यंत्रावर) पोटॅशियम-सोडियमचे गुणोत्तर काढावे. जनुकाचा आकडा वाचायचा तो या गुणोत्तराशेजारी ठेवूनच.